बोलघेवडा, गोजरा आणि मंजूर यादी

मुक्त सॉफ्टवेअर ही मानवजातीला मिळालेली निरपेक्ष देणगी आहे. ते कोणीही घ्यावं, उघडून आत काय आहे ते पाहावं, हवं तसं बदलावं आणि शेजाऱ्यापाजाऱ्याला द्यावं. कोणाची परवानगी मागायची गरज नाही. हे सगळं त्याच्या परवान्यात लिहिलेलं असतं आणि करावे गावच्या कुंदन म्हात्रेने तो परवाना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. आमदाराच्या वाढदिवसाचं बॅनरसुद्धा पूर्ण न वाचणाऱ्या गावात ही मोठीच गोष्ट. त्याने वाचलं नव्हतं ते नावाबद्दलचं धोरण. ते वेगळ्याच पानावर होतं.

कुंदन सत्तेचाळीस वर्षांचा, बी.एस्सी. झालेला. घर तीन मजली. वरचे दोन मजले भाड्याने दिलेले आणि खाली त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. या दुकानात शायमा मुकादम पहिल्यांदा आली ती बंद पडलेला लॅपटॉप घेऊन. शायमा मूळची म्हसळ्याकडची, वाढली बेलापुरात. नवव्या वर्षी तिची दृष्टी गेली. बी.ए. करून ती सीबीडी बेलापूरच्या एका महामंडळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. महामंडळाचं नाव लिहीत नाही. या प्रकरणात नावांनी पुरेसा घोळ घातला आहे.

महामंडळात कायम व्हायचं तर 'कार्यालयीन कार्यपद्धती' या विषयाची खातेपरीक्षा तीन संधींत पास व्हावी लागते. पहिल्या खेपेला शायमाला प्रश्न वाचून दाखवायला आवक-जावक विभागातले एक गृहस्थ दिले होते. ते प्रत्येक प्रश्न स्वतःशी दोनदा वाचायचे, मग "सोपा आहे" असं म्हणायचे आणि मग मोठ्याने वाचायचे. दोन तासांत सहापैकी तीन प्रश्न वाचून झाले. तक्रार केल्यावर नियम बदलला: वाचनिक महामंडळाचा कर्मचारी नसावा. त्यामुळे दुसऱ्या खेपेला बाहेरचा माणूस नेमला, तो आलाच नाही. शायमाच्या नावापुढे शेरा पडला: 'उमेदवाराने उत्तरपत्रिका कोरी दिली.' आता तिसरी आणि शेवटची संधी. नापास झाली की नोकरी संपली.

पण या वर्षी महामंडळाने पुरोगामी पाऊल उचललं होतं. अंध उमेदवाराला कॉम्प्युटरवर पेपर ऐकता येणार होता. त्यासाठी चालणाऱ्या सॉफ्टवेअरची एक मंजूर यादी निघाली होती आणि तिच्यात चौथ्या क्रमांकावर होतं 'बोलघेवडा'.

बोलघेवडा हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं मुक्त सॉफ्टवेअर. शेकडो हौशी लोकांनी फुकट राबून तयार केलेलं. नाव आणि चोच उघडलेली साळुंकी हे चिन्ह मात्र एका प्रतिष्ठानाच्या मालकीचं. शायमा हेच वापरायची. गोष्टीची पुस्तकं, बातम्या, आईचे व्हॉट्सॲप संदेश ते झकास वाचायचं. अडायचं फक्त सरकारी मराठीपाशी. 'मा. व्य. सं. यांचे दि. ४ रोजीचे अ. शा. प. क्र. ११२' हे वाक्य बोलघेवडा असं वाचायचा: "मा टिंब व्य टिंब सं टिंब यांचे दि टिंब चार रोजीचे अ टिंब शा टिंब प टिंब." शायमाने एका परिपत्रकात चौऱ्याऐंशी टिंबं मोजली होती. परिपत्रक कशाबद्दल आहे, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. डोळे असलेल्यांनाही ते कळलं नव्हतं, पण त्यांना निदान टिंबं ऐकावी लागली नाहीत.

मग तीन वर्षांपूर्वी चार रविवार बसून दोघांनी हे दुरुस्त केलं. शायमा संक्षेप सांगायची, त्याचं पूर्ण रूप सांगायची आणि कुंदन टाइप करायचा. अकराशे चाळीस संक्षेप झाले. कुंदनने ते बोलघेवड्याच्या पोटात घातले, आणि मशीन पहिल्यांदा "माननीय व्यवस्थापकीय संचालक यांचे" असं सलग म्हणालं तेव्हा शायमा खुर्चीत ताठ झाली.

"कुंदनदादा, हे तर आमच्या साहेबांपेक्षा बरं बोलतंय."

"साहेबाला अपडेट नाय येत," कुंदन म्हणाला.

इथपर्यंत कोणाचंच काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते कुंदनच्या सज्जनपणामुळे. या वर्षी त्याने या सुधारलेल्या सॉफ्टवेअरचे दोनशे पेन ड्राइव्ह भरले आणि तुर्भ्याच्या एका अंध कामगार संघटनेला फुकट वाटले. करावे गावात कोणतीही वस्तू दात्याच्या नावाशिवाय नसते. पाण्याचा कूलर असो, बाक असो, स्मशानातली पाण्याची टाकी असो, वर नाव पाहिजेच. कूलर हलवून दुसरीकडे लावला तरी नाव हलवत नाहीत. दुसऱ्याची देणगी वाटताना त्याचं नाव झाकणं ही कुंदनच्या लेखी चोरी होती. म्हणून त्याने प्रत्येक पेन ड्राइव्हवर मोठ्या अक्षरांत 'बोलघेवडा' छापलं, साळुंकी छापली आणि स्वतःचं नाव कुठेच घातलं नाही. कार्यक्रमाला फ्लेक्स लावला, त्यावर तर साळुंकी माणसाएवढी होती. फ्लेक्ससमोरचे फोटो फेसबुकवर गेले.

परीक्षेला अकरा दिवस असताना प्रतिष्ठानाच्या ब्रँड-संरक्षण विभागातून स्नेहल नावाच्या बाईंची ई-मेल आली. नोंदणीकृत नावाचा आणि चिन्हाचा अनधिकृत वापर, सात दिवसांत थांबवावा, अन्यथा वगैरे. खाली फोन नंबर होता. कुंदनने लगेच लावला. शायमा दुकानातच बसली होती, म्हणून स्पीकरवर टाकला.

"मॅडम, मी फुकट वाटलं. एक रुपया घेतला नाय."

"त्याचं आम्हाला कौतुकच आहे, सर."

"मग?"

"तुम्ही त्यात बदल केलात. जशीच्या तशी प्रत वाटलीत तर आमचं नाव चालतं. बदललेल्या प्रतीला चालत नाही. उद्या त्यात काही बिघाड निघाला तर लोक आमच्या नावाने बोटं मोडणार."

"बिघाड आदीपासून होता. मी तो काढला."

"दुरुस्ती हासुद्धा बदलच, सर."

"मग ती दुरुस्ती तुमीच घ्या ना आत! तीन वर्सांपूर्वी पाठवलीय तुमाला."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. "हो, दिसतेय. तपासणी प्रलंबित. आमच्या तपासनिसाने विचारलंय की 'मा.' म्हणजे नेमकं काय, आणि त्याला आधार काय?"

"मा. म्हंजे माननीय! आधार कसला देऊ? अख्खं राज्य चाललंय त्याच्यावर."

"तसं लेखी कुठे आहे का?"

शायमाने तोंडावर ओढणी दाबली. कुंदनने तिच्याकडे रागाने पाहिलं. त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

"बरं, नाव काढतो," तो म्हणाला. "ज्यांनी कोड लिवला त्यांची नावं हायेत आत. तीपन काढू?"

"नको, नको! ती काढलीत तर परवान्याचा भंग होईल."

"म्हंजे आतली नावं ठेवायची आणि भायेरचं काढायचं."

"अगदी बरोबर, सर. तुम्ही खूप चटकन समजून घेतलंत."

कुंदनने फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाला, "बाय, मी ह्यांचं नाव पुसून माझं लावलं असतं तर मी कायदेशीर होतो. ह्यांचं नाव दिलं म्हनून गुन्हेगार!"

कुंदनचं म्हणणं अगदीच अडाणी नव्हतं. नाव राखून ठेवण्यामागे कारण असतं. कोणीही उठून भलतंसलतं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या नावाने खपवू नये. पण भलतंसलतं खपवणारे लोक ई-मेलला उत्तर देत नाहीत. उत्तर देतो तो कुंदन म्हात्रे, म्हणून पत्रं कुंदन म्हात्रेलाच जातात.

नवीन नाव ठेवायचं ठरलं. शायमाने 'बोलघेवडी' सुचवलं. स्नेहलबाईंनी कळवलं की फसवं साधर्म्य आहे. 'साळुंकी' चालेना, कारण पक्षीसुद्धा त्यांचाच. 'वाचाळ', 'बडबड्या' अशी नावं फेटाळली नाहीत, पण 'सावधगिरी बाळगावी' असं म्हटलं. शेवटी कुंदन वैतागून म्हणाला, "माज्या आत्याचं नाव ठेवतो. गोजरा. हळदीत बोलायला लागली की नवरी निघून जायची तरी ती बोलायची."

"आत्याची परवानगी?" शायमाने विचारलं.

"वारली ती. हरकत घेनारी ती एकटीच होती."

सहाव्या दिवशी कुंदनने नाव बदललं, साळुंकी काढली, तुर्भ्याला जाऊन पेन ड्राइव्हवरची स्टिकरं ब्लेडने खरवडली. कायदा पाळला गेला. आणि तेव्हा शायमाच्या लक्षात आलं की महामंडळाच्या मंजूर यादीत चौथ्या क्रमांकावर 'बोलघेवडा' आहे. गोजरा नाही.

दोघं रिक्षाने बेलापूरला गेले. परीक्षा कक्ष चौथ्या मजल्यावर. कक्ष अधिकारी नमिता मॅडम, कडक पण कुजकट नाहीत अशी त्यांची ख्याती. त्यांनी यादी काढली, बोट फिरवलं.

"गोजरा दिसत नाही."

"मॅडम, ते बोलघेवडाच आहे," शायमा म्हणाली. "फक्त नाव वेगळं आहे."

"मग बोलघेवडा नाव का नाही लावत?"

"लावलं तर नोटीस येते," कुंदन म्हणाला.

"आणि नाही लावलं तर यादीत नाही." नमिता मॅडमनी चष्मा काढून पुसला. "नवीन नावाचा प्रस्ताव द्या. समितीसमोर ठेवू. समितीची बैठक तिमाही असते. मागची गेल्या आठवड्यात झाली."

परीक्षा पाच दिवसांवर होती.

कुंदनने डोकं लढवलं. "मॅडम, असं करू. तुमच्या मशीनवर कंपनीचा बोलघेवडा जसाच्या तसा टाका. कायदेशीर. आनि आमची संक्षेपांची फाइल वेगळी आनू द्या, हिच्या पेन ड्राइव्हवर."

"संक्षेपांची यादी? परीक्षेला?" नमिता मॅडमचा आवाज चढला. "पहिला प्रश्नच असतो, 'खालील संक्षेपांची पूर्ण रूपे लिहा.' याला कॉपी म्हणतात!"

"मॅडम, ती यादी मीच सांगितली," शायमा म्हणाली. "दादांना त्यातलं एकसुद्धा माहीत नव्हतं."

"खरंय. मला अजून कार्योत्तर म्हंजे काय ते कळलं नाय."

"म्हणजे यादी तुमच्या डोक्यात आहे."

"हो."

"डोकं आणायला हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "पेन ड्राइव्ह नाही."

मग गोजरा आणि बोलघेवडा एकच आहेत असं पत्र प्रतिष्ठानाकडून आणायचं ठरलं. तिथूनच फोन लावला. स्नेहलबाई म्हणाल्या की 'एकच आहेत' असं आम्ही लिहून दिलं तर तुमच्या प्रतीची जबाबदारी आमच्यावर येते. मात्र धोरणात बसणारं एक वाक्य देता येईल. ते पाच मिनिटांत ई-मेलवर आलंसुद्धा: 'गोजरा हे बोलघेवड्याच्या मुक्त कोडवर आधारित असून बोलघेवडा प्रतिष्ठानाशी त्याचा संबंध नाही व प्रतिष्ठानाने त्यास मान्यता दिलेली नाही.'

नमिता मॅडमनी ते छापून घेतलं, वाचलं आणि शेवटच्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली. "ज्यांचं आहे तेच म्हणतात मान्यता नाही. मी कशी देऊ?"

यावर शायमा उठून उभी राहिली. ती सहसा आवाज चढवत नाही. टेलिफोनवरच्या माणसाला ती सवय नसते.

"मॅडम, या इमारतीतल्या तीनशे बारा लोकांचे एक्स्टेन्शन मला पाठ आहेत. कोणता साहेब कधी खरंच मीटिंगमध्ये असतो आणि कधी नुसतं 'मीटिंगमध्ये आहेत' म्हणायचं, तेही पाठ आहे. सात वर्षं एक तक्रार नाही. दोन वेळा नापास केलंत ते मला येत नाही म्हणून नाही, वाचणारा माणूस बिनकामाचा म्हणून. आता मला माझं मला वाचता येतंय, तर तुम्ही आणि ते प्रतिष्ठान मिळून त्याचं नाव काय ते विचारताय. माझी नोकरी जाणार आहे हो! त्यांचं नाव जात नाही, तुमची यादी जात नाही. जाणार मी."

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने डबा अर्धवट झाकून ठेवला.

नमिता मॅडमनी कपाटातून परीक्षा नियमांचं पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या पानं उलटली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बसा. नियम एकोणीस. 'उमेदवारास काठी, कुबडी, चष्मा, श्रवणयंत्र व तत्सम वैयक्तिक साधन सोबत बाळगता येईल.' दहा वर्षांपूर्वी एक उमेदवार काठी घेऊन आला होता. काठी कुठल्या कंपनीची, हे आपण विचारलं नव्हतं."

"म्हंजे गोजरा काठी हाय?" कुंदनने विचारलं.

"गोजरा हा शब्द फाइलवर येणार नाही. बोलघेवडाही नाही. 'उमेदवाराचे वैयक्तिक श्राव्य साधन, काठीसदृश.' सॉफ्टवेअरच नाही म्हटल्यावर यादीचा प्रश्न उरत नाही." त्यांनी टिपणी लिहायला घेतली. "मात्र साधन निनावी आहे, तेव्हा त्याने प्रश्नपत्रिकेत फेरफार केला असा आरोप व्हायला नको. प्रश्नपत्रिका त्रिसदस्यीय समितीच्या देखरेखीखाली तयार करू. पहिला प्रश्न उलटा काढू, पूर्ण रूपं देऊन संक्षेप विचारू, म्हणजे कॉपीचाही प्रश्न नाही. ती कोणत्या स्वरूपात हवी?"

"पीडीएफ चालेल," कुंदन म्हणाला.

खाली येऊन दोघांनी उसाचा रस घेतला. शेकडो माणसांनी फुकट लिहिलेलं, साडेपाच हजार शब्दांच्या परवान्याने मुक्त केलेलं, बोलणारं एक यंत्र शेवटी काठी म्हणून इमारतीत शिरणार होतं. शायमाला त्याचं काही वाटत नव्हतं. ती रस पिता पिता संक्षेप म्हणत होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी कुंदनने परीक्षा कक्षातल्या मशीनवर गोजरा चढवली. एक जुनं परिपत्रक उघडून दिलं. गोजराने ते खणखणीत वाचलं, एकही टिंब न घेता. नमिता मॅडमसुद्धा ऐकत थांबल्या. "अच्छा, हे त्याबद्दल होतं होय," असं पुटपुटल्या. कुंदनला बाहेर बाकावर बसवलं, परीक्षा कक्षातलं इंटरनेट नियमाप्रमाणे बंद केलं आणि अकरा वाजता शायमाने हेडफोन लावून प्रश्नपत्रिकेची फाइल उघडली.

"चित्र," गोजरा म्हणाली.

शायमाने खाली सरकवलं.

"चित्र."

पाचही पानांवर तेच. वीस मिनिटं शायमाने सगळी बटणं दाबून पाहिली. मग हात वर केला. नमिता मॅडमनी बाहेर येऊन कुंदनला आत बोलावलं. त्याने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"मॅडम, हा पेपर टाइप केलेला हाय का?"

"टाइप केलेलाच आहे. टाइप करून छापला, प्रत्येक पानावर तिन्ही सदस्यांच्या सह्या घेतल्या, गोल शिक्का मारला आणि मग स्कॅन करून पीडीएफ केली. फेरफाराला जागाच ठेवली नाही."

"स्कॅन म्हंजे फोटो, मॅडम. फोटोत अक्षरं नसतात. ती फक्त आपल्याला दिसतात."

"मग?"

"टाइप केलेली मूळ फाइल द्या."

"ती गोपनीयतेसाठी समितीसमक्ष पुसून टाकली. तसा पंचनामा आहे."

"फोटोतलं वाचनारं दुसरं सॉफ्टवेअर मिळतं. नेट चालू करा, पाच मिनटांत उतरवतो."

"परीक्षा कक्षात नेट?" नमिता मॅडमनी घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. शायमा दोन्ही हात टेबलावर ठेवून बसली होती, आणि या क्षणी तिच्याकडे पाहणं कोणालाच जमत नव्हतं.

"तुम्ही महामंडळाचे कर्मचारी नाही ना?" मॅडमनी कुंदनला विचारलं.

"नाय हो. माजं दुकान हाय."

"इमारतीत आत्ता बाहेरचे तुम्ही एकटेच आहात. वाचा."

"दादा, वाचा," शायमा म्हणाली. आवाज दगडासारखा होता. "पटापट."

कुंदनने खुर्ची ओढली आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सह्यांच्या खाली गेलेले शब्द तो अंदाजाने वाचत होता. तिसऱ्या पानावर शिक्का नेमका प्रश्न पाचवर बसला होता, तो त्याने मॅडमना विचारून पुरा केला. एक वाजेपर्यंत त्याने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. शायमा टाइप करत राहिली. वाया गेलेल्या चाळीस मिनिटांबद्दल वाढीव वेळ मागितला, पण तसा नियम नव्हता.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पास होईन बहुतेक."

"मग तोंड असं का?"

"वाचलं तुम्ही, दादा. मी नाही."

पेन ड्राइव्ह खिशात आहे का, ते कुंदनने दोनदा चाचपून पाहिलं.

निकाल दीड महिन्याने लागला. शायमा मुकादम, शंभरपैकी छप्पन्न गुण, उत्तीर्ण. गुणपत्रकाच्या शेवटच्या रकान्यात 'वापरलेल्या साहाय्यक साधनाचे नाव' यापुढे 'कुंदन म्हात्रे' असं लिहिलं आहे, आणि 'आवृत्ती' यापुढे 'निरंक'.